गोळी फुकट आहे, गोळीपर्यंतचा रस्ता फुकट नाही

१ डिसेंबर आला की आमच्याकडे प्रेसनोट येते. जागतिक एड्स दिनानिमित्त जनजागृती रॅली, मान्यवरांच्या हस्ते हिरवी झेंडी, रांगोळी स्पर्धा, लाल फीत, शपथ. शेवटी 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' आणि आभार कोणी मानले ते. वीसेक वर्षं धुळे-जळगावात बातमीदारी करतोय. तारीख आणि साहेबांची नावं सोडली तर या प्रेसनोटमध्ये काही बदललेलं मला आठवत नाही.

रॅलीला माझा विरोध नाही. पोरं घोषणा देतात, चार लोकांच्या कानावर पडतं, चांगलंच आहे. पण त्या प्रेसनोटमध्ये जे कधीच नसतं ते आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

आधी तीन आकडे सांगतो. ८१, ८८ आणि ९७.

जगाने ठरवलं होतं की २०२५ पर्यंत ९५-९५-९५ गाठायचं. म्हणजे एचआयव्ही असलेल्या १०० पैकी ९५ जणांना आपल्याला तो आहे हे माहीत असावं, माहीत असलेल्यांपैकी ९५ टक्के औषधावर असावेत आणि औषधावर असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांच्या रक्तातला व्हायरस दाबला गेलेला असावा. आपल्या देशाचा २०२३-२४ चा हिशोब ८१-८८-९७ असा आहे.

आता शाळेतलं गणित करा. १०० पैकी १९ जणांना आपल्याला एचआयव्ही आहे हेच माहीत नाही. उरलेल्या ८१ पैकी साधारण १० जणांना माहीत आहे, पण ते औषधावर नाहीत. औषधावर आहेत ७१. आणि त्या ७१ मधल्या जवळपास सगळ्यांना औषध लागू पडलंय.

शेवटचा आकडा पुन्हा बघा. ९७. तिथे आपण उद्दिष्टाच्याही पुढे आहोत. म्हणजे ज्याच्या हातात गोळी पोचली आणि जो ती रोज घेतो, त्याचं भलं होतंय. औषध नापास झालेलं नाही. माणूस औषधापर्यंत पोचत नाहीये, किंवा पोचून मध्येच सुटतोय. महाराष्ट्रात चार लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगताहेत, देशात सर्वात जास्त. तेव्हा सुटलेल्यांचा प्रश्न आपल्याच दारातला आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण नव्या पोरांना तो माहीत नाही.

भारतात पहिले एचआयव्ही बाधित १९८६ साली चेन्नईत सापडले. १९९२ मध्ये नाको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली. तेव्हा औषध जवळजवळ नव्हतंच, आणि पुढे आलं ते श्रीमंत देशांना परवडेल अशा किमतीत. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा डोस साडेतीनशे डॉलरला द्यायची तयारी दाखवली, दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. त्यानंतर आफ्रिकेत लाखो माणसं जगली. खुद्द आपल्या सरकारी दवाखान्यात मोफत औषध सुरू झालं १ एप्रिल २००४ पासून, तेही देशातल्या मोजक्या आठ रुग्णालयांत. सुरुवातीला सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या तरच औषध मिळायचं. ती मर्यादा हळूहळू ३५० झाली, ५०० झाली, आणि २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच औषध सुरू करायचं ठरलं. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते.

अजून एक गोष्ट, जी रॅलीच्या फलकावर मी क्वचितच वाचली. २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला, त्यात पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं. पुढच्या अभ्यासांनी तर स्पष्टच केलं, की नियमित औषधाने रक्तात व्हायरस सापडेनासा झाला असेल तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे एका माणसाची गोळी चुकू न देणं हाच दुसऱ्या माणसाचा बचाव आहे. उपचार आणि प्रतिबंध ही दोन कामं राहिलेलीच नाहीत.

मग घोडं अडलंय कुठे? रस्त्यावर.

साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरचा माणूस धरा. पिंपळनेरहून धुळं ऐंशी किलोमीटरच्या आसपास. त्याच्या आधी पाड्यावरून पिंपळनेरपर्यंत यायचं, ते वेगळं. पहाटे निघायचं, जीप, एसटी, मग रांग, वजन, समुपदेशन, गोळ्या. परतताना दिवस मावळतो. कधी शेवटची गाडी हुकली तर स्टँडवरच रात्र. रोजगार हमीचा राज्यातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे. तो दिवस बुडाला, वर भाडं, वर खाणं. बाई असेल तर सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी गेली. गोळी फुकट मिळाली, पण ती आणायला घरातले पाच-सातशे रुपये गेले. हे एकदा नाही, जन्मभर.

खाली लिंक केंद्रं काढलीत, काही ग्रामीण रुग्णालयांत गोळ्या मिळतात, हे मान्य. त्याने खूप फरक पडलाय. पण इथे दुसरी अडचण येते, आणि ती किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

आपल्या गावाजवळच्या दवाखान्यात आपल्याला ओळखणारा कोणीतरी असतोच. केसपेपर काढणारा आत्याच्या गावचा निघतो. शिपाई शाळेतला सोबती असतो. बाहेर बाकावर बसलेली बाई भावकीतली. त्या एका खोलीत कोण कशासाठी जातं हे अख्ख्या दवाखान्याला माहीत असतं. मग माणूस काय करतो? जवळचं सोडून लांबचं केंद्र धरतो. जळगाव जिल्ह्यातला धुळ्याला जातो, धुळे जिल्ह्यातला नाशिकला. चाळीसगावचा माणूस धुळ्याला गेला तर समजू शकतो, रेल्वे आहे आणि जळगावपेक्षा जवळही आहे. पण जो मुद्दाम दुप्पट लांब जातो तो गाडीचं भाडं देत नसतो, तो गप्प राहण्याची किंमत देत असतो. आणि ही किंमत ज्या महिन्यात परवडत नाही, त्या महिन्यात गोळी चुकते.

सवलतींचंही तसंच. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्ही बाधितांचं नाव आहे. छान. पण सवलत घ्यायची तर कंडक्टरला कार्ड दाखवायचं, भरल्या गाडीत. गावच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर अख्ख्या गावाचा ओळखीचा असतो. कोण दाखवेल? संजय गांधी निराधार योजनेत एड्सच्या रुग्णांना महिन्याला दीड हजार मिळू शकतात. पण वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्नाचा दाखला हवा, मग तलाठी, सेतू, तहसील. प्रत्येक टेबलावर आजाराचा कागद पुढे करायचा. तुम्हीच सांगा, आपल्या तालुक्याच्या तहसीलमध्ये गेलेला कागद किती दिवस गुप्त राहतो? बाया मात्र आता अर्ध्या तिकिटात बिनबोभाट येतात, कारण ती सवलत सगळ्याच बायांना आहे आणि तिथे कोणाला काही सांगावं लागत नाही. या एका फरकात अर्धं उत्तर आहे. त्यावर पुढे येतो.

आता कोयत्याचं बघू.

दिवाळी झाली की साक्री, शिरपूर, शेजारचा नंदुरबार, इकडे चाळीसगाव, पारोळा, या पट्ट्यातून टोळ्या निघतात. कोणी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. परत येणं थेट उन्हाळ्यात, आखाजीच्या आगेमागे. म्हणजे पाच-सहा महिने. एआरटी केंद्रावर त्याचं एक हिरवं पुस्तक असतं, त्यात औषधाची सगळी नोंद. जाताना ते पुस्तक आणि बदलीचा कागद घेतला तर तिकडच्या केंद्रावर गोळ्या मिळू शकतात. पण टोळी कुठल्या फडावर पडणार हे मजुराला निघताना माहीत नसतं. कोपी आज इथे, पंधरा दिवसांनी तिथे. भाषा वेगळी. सुट्टी मागायची तर मुकादम विचारणार, कशाला? आणि जोडीने तोड असते, एक गेला की दुसऱ्याचं कामही थांबतं. खोटं बोलून एकदा जमतं, दोनदा जमतं.

मग गोळी सुटते. महिनाभर, दोन महिने काहीच होत नाही, माणसाला वाटतं बरं आहे. आत व्हायरस पुन्हा वाढत असतो. अंगात ताप राहायला लागतो, खोकला लागतो, टीबी निघतो. एचआयव्ही असलेल्या माणसाला सर्वात जास्त मारतो तो टीबीच. आखाजीला टोळी परत येते तेव्हा हा माणूस गाडीतून उतरवून घ्यावा लागतो. सरकारी भाषेत अशा रुग्णाला 'फॉलोअपमधून सुटलेला' म्हणतात. तो सुटलेला नसतो हो, उचलीत अडकलेला असतो.

बायांचं वेगळंच दुखणं. बऱ्याच जणींना कळतं ते गरोदरपणाच्या तपासणीत. तपासणी झालीच पाहिजे, त्यात शंका नाही. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, वेळेवर औषध सुरू केलं तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. इतकी मोठी गोष्ट आहे ही. पण रिपोर्ट पहिल्यांदा तिचा येतो म्हणून घरात गुन्हेगारही तीच ठरते. नवऱ्याने तपासणी केलेलीच नसते, कधी कधी करायलाच तयार नसतो. पुढे तो गेला तर सासरचे म्हणतात, माहेरी जा. सातबाऱ्यावर नाव चढवायची गोष्टच नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून हा कायदा लागू आहे. आपल्या भागात किती सरपंचांना, किती पोलीस पाटलांना तो माहीत आहे, तुम्हीच विचारून बघा.

त्याच कायद्यात लिहिलंय की एचआयव्ही आहे म्हणून उपचार, नोकरी, शाळा, भाड्याचं घर नाकारता येत नाही. कोणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा दवाखान्याने तक्रार अधिकारी नेमायचा आहे, राज्याने लोकपाल नेमायचा आहे. तरी ऑपरेशनच्या आधी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की 'आमच्याकडे सोय नाही, सिव्हिलला न्या' हे वाक्य खासगीत आजही ऐकायला मिळतं. रात्री अकरा वाजता ते वाक्य ऐकलेल्या नातेवाइकांचे फोन मला आलेत. कायदा कोणता लागतो हे त्या वेळी कोणालाच सुचत नाही, ॲम्ब्युलन्स शोधायची असते.

या सगळ्या कारभाराचा भार कोणावर आहे माहीत आहे? समुपदेशक आणि लॅब टेक्निशियनवर. बहुतेक सगळे कंत्राटी. काही जण पंधरा-वीस वर्षं मानधनावर आहेत. रडणाऱ्या बाईला समजावणं, नवऱ्याला तपासणीसाठी राजी करणं, गोळी चुकलेल्याला फोन करणं, पत्ता शोधत पाड्यावर जाणं आणि तिथे कोणाला संशय येऊ न देता बोलणं, हे काम मशीन करत नाही. असा माणूस नोकरी सोडून गेला की रजिस्टर नव्या माणसाला मिळतं, विश्वास मिळत नाही. रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि काही जण सांगण्यापेक्षा यायचंच बंद करतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न. परवा टपरीवर एकाने तोंडावरच विचारला. "भो, आता एड्स राहिला कुठे? संपला ना तो!"

प्रश्न चूक नाही. २०१० च्या तुलनेत देशात नव्या लागणी खूप घटल्या आहेत. पूर्वी घरटी भीती होती तशी आता नाही. मग पैसा शुगर, बीपी, कॅन्सरवर का लावू नये? माझं म्हणणं एवढंच, की आकडा आपोआप खाली आलेला नाही. गोळ्या वाटल्या, तपासण्या केल्या, हायवेच्या ढाब्यांवर ट्रक ड्रायव्हरांशी बोललं गेलं, देहविक्री करणाऱ्या बायांनी स्वतः पुढे होऊन निरोधचा आग्रह धरला, म्हणून तो खाली आला. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे हायवे एकमेकांना भेटतात, इथे हे काम किती लागतं ते वेगळं सांगायला नको. हात काढला की काय होतं तेही आपण बघितलंय. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांच्या तुटवड्यावरून दिल्लीत नाकोच्या कार्यालयाबाहेर रुग्ण महिनाभराहून जास्त धरणं धरून बसले होते. सरकार म्हणत होतं साठा आहे, रुग्ण म्हणत होते आम्हाला थोड्याच दिवसांच्या गोळ्या मिळताहेत. पिंपळनेरच्या पलीकडून आलेल्या माणसाला आठ दिवसांच्या गोळ्या देणं म्हणजे 'पुढच्या वेळी येऊ नको' म्हणण्यासारखंच आहे.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा आफ्रिकेतले दवाखाने आठवड्यात हादरले. आपला राष्ट्रीय कार्यक्रम मात्र केंद्राच्या पैशावर चालतो, पाचव्या टप्प्याला १५,४७१ कोटींहून जास्त मंजूर आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. म्हणजे आपल्याकडे गोळी आहे, पैसा आहे, कायदा आहे. उरलं ते जिल्ह्याच्या पातळीवर जमवण्यासारखं काम.

गरीब भागात हे जमतं का? जमतं. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने रुग्णांचे सहा-सहाचे गट केले. दर महिन्याला गटातला एकच जण दवाखान्यात जायचा, स्वतःची तपासणी करून घ्यायचा आणि सहाही जणांच्या गोळ्या आणायचा. प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांतून एकदा. आपल्या पाड्यावर हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण सहा जणांना एकमेकांचं माहीत पाहिजे. पण त्यातला धडा घेता येतो: रुग्णाच्या फेऱ्या कमी करा, रुग्ण टिकतो.

नवं इंजेक्शनही येतंय. लेनाकॅपावीर, लागण होऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि २०२७ पासून आपल्याच हैदराबादच्या कंपन्या ते गरीब देशांना वर्षाला साधारण ४० डॉलरमध्ये देणार आहेत. चांगली गोष्ट. पण बोराडीच्या वरच्या पाड्यावर ते न्यायला रस्ता तोच आणि माणूसही तोच लागणार.

म्हणून माझ्या पाच मागण्या. दोन्ही जिल्ह्यांचे पालकमंत्री, जिल्हाधिकारी, सिव्हिल सर्जन आणि डापकू, सगळ्यांसाठी.

१. औषधावर स्थिर असलेल्या प्रत्येकाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. कोरोनात दिल्या होत्या, आताही देता येतात. साठ्याचं नियोजन करा.

२. टोळ्या निघायच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर, कोयत्याच्या गावांत सर्वसाधारण आरोग्य शिबिरं घ्या. बीपी, शुगर, टीबी, एचआयव्ही सगळं एकत्र, म्हणजे कोणावर बोट जात नाही. जाणाऱ्याला पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्या. ते शक्य नसेल तर हिरवं पुस्तक दाखवल्यावर वाटेतल्या कुठल्याही केंद्रावर विनातक्रार गोळ्या मिळतील असं सुरत, तापी, नवसारीशी बोलून ठरवा.

३. एसटीची सवलत आजाराच्या नावाने देऊ नका. सगळ्या दीर्घ आजारांना एकच कार्ड करा, त्यावर आजाराचं नाव नको. बायांचं अर्धं तिकीट चालतं ते याच कारणाने.

४. समुपदेशकांना कायम करा. तोवर मानधन वेळेवर द्या आणि दर काही वर्षांनी नोकरीची टांगती तलवार बंद करा.

५. प्रत्येक मोठ्या दवाखान्यात, सरकारी असो की खासगी, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन दर्शनी भागात लावा. कायद्यात आहे, नवं काही मागत नाही.

यातल्या एकाही मागणीला नवं औषध लागत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत अर्धा तास लागतो.

आणि आपल्यासाठी. गावात कोणी बारीक झालं की 'त्याला तो आजार आहे' अशी कुजबुज करणं थांबवा. त्या कुजबुजीमुळे माणूस दोन तालुके ओलांडून गोळ्या आणायला जातो. शंका असेल तर तपासणी करून घ्या, सरकारी आयसीटीसी केंद्रावर ती मोफत आणि गुप्त असते. नुसतं विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, तोही मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

कमेंटमध्ये तुमचा अनुभव जरूर लिहा. फक्त कोणाचं नाव, गाव, नातं लिहू नका. शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या.